आगेवाल्याची साक्ष

परवा राणीसावरगावाहून भाच्याचा फोन आला. पाऊसपाणी, दवाखाना, पोरांच्या फिया असं सगळं बोलून झाल्यावर सहज म्हणाला, "आत्या, औंदा हाडोळ्यात ज्वारी टाकली होती, लय झ्याक निसवली." हाडोळा म्हणजे आमचं वतनाचं तीन एकर रान. गेली कितीतरी वर्षं तिथं सोयाबीनच असतं. ज्वारी निसवली म्हणताच परभणीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मला कोवळ्या कणसाचा वास आला. फोन ठेवला आणि चहा करायचा राहून गेला.

पोटरीतून कणीस बाहेर पडलं, दाण्यात दूध भरलं की राखणीला माणूस लागतं. पौषातली थंडी, कणसांवर दव, आणि चार बाभळीच्या मेढींवर बांधलेलं मचाण. वर कडब्याचा थर, त्यावर घोंगडी, उशाशी ढेकळांचा ढीग आणि हातात गोफण. पंच्याहत्तरच्या आसपासचं ते वर्ष. मोठ्या दुष्काळानंतर रानानं पुन्हा अंग धरलं होतं, कणसं इतकी भरली होती की ताटं वाकायची. मी डी. एड. होऊन घरी बसले होते. नोकरीची ऑर्डर आज येईल, उद्या येईल असं चाललेलं. लोक विचारत, "बाई कधी शाळंवर जाणार?" मी म्हणे, सध्या चिमण्यांची शाळा घेतेय.

माझ्याबरोबर आबा, म्हणजे माझे वडील. पण त्यांच्या हातून गोफण केव्हाच सुटली होती. दोन्ही डोळ्यांत सारा उतरलेला, नजर गेलेली. समोरचं माणूस आवाजावरून ओळखायचे. तरी राखणीला त्यांच्यासारखा माणूस नव्हता, कारण कान शाबूत होते. भोरड्यांचा थवा लांब ओढ्यापलीकडे असतानाच ते मान वळवत आणि बोट दाखवत. "त्या अंगाला. बांधाच्या अल्याड बसायल्यात." मी गोफण फिरवून ढेकूळ सोडायची, थवा भुर्रकन उठायचा. ऐकणार ते, मारणार मी. अशी आमची दोघांची मिळून एक राखण व्हायची.

डोळे गेले म्हणून आबा गावी परतले होते, कारण त्यांची नोकरीच डोळ्यांची होती. बावीस वर्षं ते सिकंदराबादेत गोल्फच्या मैदानावर आगेवाला होते. हा हुद्दा गावात कुणाला कळायचा नाही. साहेबलोक काठीनं चेंडू मारतात, चेंडू दोनदोनशे पावलं जातो, कुठं पडला ते मारणाऱ्याला दिसत नाही. म्हणून एक माणूस आधीच पुढं जाऊन उभा राहतो, चेंडूवर नजर ठेवतो आणि पडला तिथं झंडी दाखवतो. तो आगेवाला. पुढं झंडी रोवलेला एक खड्डा असतो, त्याला होल म्हणायचं. कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या होलात घालायचा, एवढाच खेळ. जवळच्या होलालासुद्धा तीन टोले सहज लागतात. पारावरची माणसं आबांची फिरकी घेत. "काशिनाथा, खड्ड्यात चेंडू घालायला एवढी शिकलेली माणसं कशाला लागत्यात रे?" आबा शांतपणे म्हणत, "खड्डा लांब असतोय म्हणून."

पण कधीकधी, वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी, पहिल्याच टोल्यात चेंडू सरळ होलात जातो. मचाणावर बसून आबा मला अशा वेळा सांगत. त्यांच्या बावीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर मोजक्याच वेळा तसं झालेलं, आणि प्रत्येक वेळ त्यांना वार-वेळेसकट पाठ होती. एका सरदार कर्नलसाहेबाची बदली झालेली. सामान लॉरीत चढलेलं, जाता जाता शेवटचा एक मारतो म्हणाला. चेंडू चुकून खडकावर आपटला, उलटा फिरला आणि होलात पडला. कर्नल तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. दुसरी एक मेमसाहेब, नुकती शिकत होती. नवऱ्याशी सकाळपासून अबोला. तिचा टोला बसलाच नाही नीट, चेंडू उंदरासारखा जमिनीलगत पळत गेला आणि झंडीला लागून आत. तिनं पहिली हाक नवऱ्याला मारली. आबा म्हणत, एवढ्याशा चेंडवानं एक संसार जागेवर आणला.

ऐकता ऐकता मला वाटायचं, आपलीही ऑर्डर अशीच कुठून तरी उडत येईल आणि टपकन पडेल. त्या वयात माणसाला असंच वाटतं. आता वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट डॉक्टर रहमतसाहेबांची. ती आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की मला वाटे मीच ती पाहिली आहे. डॉक्टरसाहेब आमच्या घरचे कोण, हे आधी सांगायला हवं. माझ्या वेळी माय तीन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले. आबा मैदानावरून धावत डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर गेले, आणि ते जेवणाच्या ताटावरून उठून आमच्या खोपट्यात आले. मायही वाचली, मीही वाचले. माय म्हणायची, तुला मी जन्म दिला ते अर्धंच, उरलेलं डॉक्टरनं दिलं.

मी दोन वर्षांची असतानाची ती गोष्ट. मैदानावर कपाचा शेवटचा सामना. डॉक्टरसाहेबांसमोर फौजेतला एक तरणाबांड कप्तान. दोघं बरोबरीत, आणि एकच होल उरलेलं. जवळचंच, दीडशे पावलांचं, पण मध्ये मोठे खडक, त्यामुळं मारणाऱ्याला नुसतं झंडीचं टोक दिसायचं, खालचं काही नाही. तिथं तेव्हा हिरवळ नसे. होलाभोवती तेल शिंपडलेली वाळू असे, आणि दर खेळीनंतर आगेवाल्यानं त्यावरून पोतं ओढून ती सारखी करायची. कप्तानाचा चेंडू झुडपात गेला. मग डॉक्टरसाहेबांनी मारला. चेंडू वाळूवर पडला, गडगडला, आणि खडकाआडून त्यांची हाक आली, "काशी, गिरा क्या रे?" आबांनी दोन्ही हात वर केले. "गिरा साब!"

मग काय विचारता. त्या खेळात रीत अशी की ज्याचा चेंडू एका टोल्यात पडेल त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. बाकीचे साहेब आपापल्या लोकांना घालत. डॉक्टरसाहेबांनी मैदानावरचे सगळे आगेवाले, काठ्या उचलणारे, झाडू मारणारे बोलावले, सतरंजी अंथरली आणि स्वतः त्यांच्या पंगतीत मांडी घालून बसले. आबांच्या शेजारी. गावात ज्याला कुणी आडावर येऊ दिलं नव्हतं त्या माणसाच्या ताटातला शीरमल रोटीचा तुकडा त्यांनी उचलून खाल्ला. हे सांगताना आबा नेहमी थांबत. मला वाटे, गहिवरून थांबत असतील.

त्याच राखणीच्या दिवसांत डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं. इंग्रजीत, टाईप केलेलं. गंगाखेडच्या टपालातून गावात यायला त्याला किती दिवस लागले कोण जाणे, पाकिटाचे कोपरे झिजले होते. मी मचाणावर बसून आबांना ते मराठीत सांगितलं. डॉक्टरसाहेब म्हातारे झाले होते. बेगम गेल्या होत्या. मैदानाच्या कमिटीनं आता एक लाकडी फळा करायला घेतला होता, एका टोल्यात होल करणाऱ्यांची नावं त्यावर रंगवायची होती. पण प्रत्येक नावाला साक्षीदार हवा. त्या दिवशी बरोबर असलेले लोक मेले, कप्तान कुठं गेला पत्ता नाही. तू एकटाच उरलास काशी, तू पाहिलंस तेवढं दोन ओळींत लिहून पाठव. शेवटी लिहिलं होतं की घरातला नातूसुद्धा ही गोष्ट ऐकून हसतो, म्हणतो आजोबा गप्पा मारतात.

मला खूप आनंद झाला. मी म्हटलं, आबा, आजच लिहिते. ओढ्याकडून भोरड्या आल्या. मला ऐकू आल्या, त्यांना आल्या नसतील असं नाही, पण त्यांनी बोट दाखवलं नाही. थवा माझ्या डोळ्यांदेखत कणसांवर उतरला.

मग ते म्हणाले, "बाई, त्यो चेंडू पडला नव्हता."

चेंडू होलापासून बोटभर अंतरावर थांबला होता. वाळूत त्याची रेघ उमटलेली, आणि रेघ संपली तिथं तो बसलेला. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. वारा आला तरी पडेल असं वाटत होतं, आणि वारा येत नव्हता. तेवढ्यात खडकाआडून हाक आली. आबांनी उजव्या पायाचा अंगठा लावला. मग हात वर केले. मग पोतं ओढून वाळू सारखी केली, रेघही गेली आणि पायाचा ठसाही.

मी विचारलं, कप्तान वाईट होता का? तसं असतं तर सोपं झालं असतं, ते म्हणाले. कप्तान धावत आला, डॉक्टरांना मिठी मारली, आणि काय नजर आहे म्हणून आपली टोपी काढून आबांच्या डोक्यावर ठेवली. ती टोपी आबांनी एकदाही घातली नाही. आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा त्यांना पंगतीत बसल्यावर उमगला. कप्तानाचा चेंडू झुडपात होता. डॉक्टरसाहेबांना दुसऱ्या टोल्यात नुसती टिचकी मारायची होती, कप त्यांचाच होता. आबांच्या अंगठ्यानं कुणाला जिंकवलं नाही, कुणाला हरवलं नाही. त्यानं फक्त एक नवल तयार केलं, जे झालंच नव्हतं.

"मग का लावला पाय?" मी विचारलं. "पडला असता तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. आन् पाय गेला."

त्या सामन्यानंतर त्याच वर्षी आबांनी रजेवर गावी येऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दर पौर्णिमेला वंदना होते, पंचशील म्हटलं जातं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आबा तिथं आले की ओठ हलवतात पण आवाज काढत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मला वाटे धाप लागते. म्हणजे ते पंगतीच्या गोष्टीतलं थांबणं आणि हे थांबणं एकच होतं. आई-बापांची काही गुपितं आपण रोज डोळ्यांनी बघत असतो आणि त्यांना त्यांच्या सवयी समजत असतो.

घरी मायला कळलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. इतकी वर्षं तिलाही माहीत नव्हतं. मला वाटलं ती आबांना बोल लावेल, पण तिचा राग वेगळाच निघाला. ज्यानं आपल्या हातात पोर दिली, त्याच्या म्हातारपणी त्याच्या तोंडात माती घालायची का, असं तिनं विचारलं. एकदा केलं तसं आणखी एकदा करा, म्हणाली, त्यात कुणाचं काय जातंय. आबा म्हणाले, तेव्हा नुसता पाय होता, आता लिहून द्यायचं आहे. तेव्हा शील घेतलं नव्हतं, आता घेतलं आहे. आठ दिवस आमच्या घरात हीच चर्चा, भाकरीबरोबर आणि येसराच्या आमटीबरोबर. दोघांचंही मला पटायचं. जी बोलेल तिच्या बाजूला मी, जे बोलतील त्यांच्या बाजूला मी.

नवव्या दिवशी आबा मचाणावर चढले, घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "खरं हाय तेच लिही, बाई."

त्यांनी चार वाक्यं सांगितली. एकही शब्द जास्त नाही, माफीसुद्धा मागितली नाही. म्हणाले, माफी मागितली की डॉक्टरांना माफ करावं लागेल, त्यांच्यावर ते ओझं कशाला. मी इंग्रजी डिक्शनरी घेऊन दिवसभर बसले. ज्वारीची पानं वाऱ्यावर सळसळत होती आणि मी अंगठ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत होते. शब्द सापडला. मग मी पेन उचललं, आणि मला तो नातू दिसला, जो हसतो. बंगल्यात एकटे बसलेले ते म्हातारे दिसले. जेवणाच्या ताटावरून उठून आलेले. त्यांच्यामुळं माझे हात, माझी बोटं, हे पेन धरणं.

मी लिहिलं की चेंडू सरळ होलात पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

कागद आबांपुढं धरला आणि जे लिहिलं नव्हतं ते वाचून दाखवलं. त्यांची चारही वाक्यं, एक शब्द न चुकता. आबांनी मान डोलावली, आणि मी बोट धरलं तिथं सही केली. सहीची अक्षरं वाकडी आली असतील म्हणून दोनदा विचारलं, चालेल का. मी म्हटलं, चालेल. दुसऱ्या दिवशी एस.टी.नं गंगाखेडला जाऊन पत्र टाकलं. पेटीत टाकताना मला अपराधी वाटलं नाही. उलट मी फार शहाणी आहे असं वाटलं, दोन म्हाताऱ्यांना एकाच कागदावर सुखी केलं म्हणून. वीस वर्षांच्या मुलीला जगातलं सगळं अवघड सोपं करता येतं.

पुढं तीस-बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. मुलं खोटं बोलली की मला लगेच कळायचं आणि मी फार रागवायची नाही. बाकीच्या शिक्षिका म्हणत, बाई फार मऊ आहेत. मऊ नव्हते, मला हात उगारायची लाज वाटायची.

पत्र गेलं त्या रात्रीपासून आबा नीट झोपू लागले. मायनं तोंड फिरवलं होतं, तेही हळूहळू वळलं. ज्वारी पिवळी पडली. बायका रांगेनं उपटत निघाल्या, मग कणसं खुडली, खळं सारवलं. मात्रं, म्हणजे मळणी, चाललं होतं, बैल गोल फिरत होते आणि आबा खळ्याच्या काठावर बसून नुसत्या आवाजावरून सांगत होते की कणसं अजून ओली आहेत. तिथं पोस्टमन आला.

डॉक्टरसाहेबांचं उत्तर. या वेळी हातानं लिहिलेलं, अक्षर थरथरतं. फळ्यावर नाव रंगवून झालं होतं. नातवाला त्यांनी मुद्दाम नेऊन दाखवलं, आणि आबांचं पत्र त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. शेवटी होतं, काशी, तुझ्या नजरेवर मी त्या दिवशी विश्वास ठेवला आणि आजही ठेवतो.

आबा म्हणाले, वाच. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. मी वाचू लागले. डॉक्टरसाहेब म्हणतात, तू खरं सांगितलंस याचा मला फार आनंद झाला. मी तुला मनापासून माफ केलं आहे. आता मनात काही ठेवू नकोस. अशी पाच-सहा वाक्यं मी त्या कागदावर बघून रचली. माझी मलाच ती चांगली वाटली.

आबा ऐकत राहिले. बैलांचे दोन फेरे झाले असतील. मग ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब असं बोलत न्हाईत, बाई. ते मला यडा म्हणले असते."

मी कागद खाली घेतला.

"तू बी पाय लावलास व्हय?"

रागावले नव्हते, हेच मला सहन झालं नाही. ओरडले असते तर मी भांडले असते, मायचं नाव पुढं केलं असतं. त्यांनी चाचपून माझा हात धरला. माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली, पुन्हा माझ्याकडे दिला. मी रडत रडत सगळं सांगितलं, फळा, नातू, नजरेवरचा विश्वास. दुसरं पत्र लिहिते म्हणाले. आबा नको म्हणाले. रंगवलेलं नाव म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढं पुसायचं नाही. "ते हायत तवर राहू दे. मागून मातर खरं लिही. माझं वझं तू कशाला घेतलंस, लय जड असतंय." एवढं बोलून त्यांनी मान वळवली आणि गड्याला सांगितलं की आता बैल सोडा.

तीन वर्षांनी डॉक्टरसाहेब गेल्याचं नातवाचं कार्ड आलं. तोवर मी नोकरीला लागले होते. लिहू म्हटलं, सुट्टी लागली की लिहू. मग वाटलं, आबा आहेत तोवर त्यांच्या नावाला डाग कशाला. आबाही गेले. मग वाटलं, कुणाला लिहायचं, त्या कमिटीत आता ओळखतं कोण. लांबवायला मला एकही कारण कमी पडलं नाही. परवा मात्र ज्वारी निसवली म्हणून ऐकलं आणि मनात आलं की माझंही आता वय झालं. सांगणारी मी एकटीच उरले आहे.

म्हणून आबांनी सांगितलेली चार वाक्यं आज लिहिते, एकही शब्द कमीजास्त न करता.

चेंडू होलाच्या अलीकडे थांबला होता. डॉक्टरसाहेबांना ते दिसत नव्हतं, त्यांचा काही दोष नाही. पाय माझा होता. त्यांनी मारलेला टोला मात्र मी पाहिलेल्या सगळ्या टोल्यांत चांगला होता.